काशी किती दूर?

दूधविनायकाच्या गल्लीत मोटार शिरत नाही. बाबतपूरच्या विमानतळावर उतरलेला प्रवासी सुमारे पंचवीस किलोमीटर वाहनाने येतो आणि उरलेली वाट पायी चालतो. मुंबई ते वाराणसी हे हवाई अंतर साधारण १,२५० किलोमीटर. विमान ते सव्वादोन तासांच्या आसपास कापते. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात याच गल्लीतील एका मराठी घरात बसलो असताना हे आकडे मला फार अपुरे वाटले.

घरातील वृद्ध गृहस्थ आदल्या संध्याकाळी वारले होते. मुलगा मुंबईत नोकरीला. मणिकर्णिका घाट येथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि तेथे चिता अहोरात्र पेटतात. थांबायचे होते ते घरच्यांनाच. मुलाला सकाळच्या विमानाचे तिकीट मिळाले खरे, पण त्यात त्याचा निम्म्याहून अधिक पगार गेला. तीच जागा पंधरा दिवस आधी किती रुपयांना मिळाली असती, हे त्याने पाहिले नाही, ते बरेच झाले.

गागाभट्ट १६७४ मध्ये काशीहून रायगडाला राज्याभिषेकासाठी आले, तेव्हा हा प्रवास महिन्यांच्या हिशेबाने होत असे. मार्च १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग अलाहाबादवरून जोडला गेला आणि महिन्यांचे दिवस झाले. महानगरी एक्स्प्रेसला आजही सुमारे दीड हजार किलोमीटरसाठी दिवसाहून अधिक वेळ लागतो. मात्र तिचे भाडे किलोमीटरवर ठरते. प्रीमियम तत्काळ सोडल्यास तत्काळचा अधिभारही आधीच ठरलेला असतो. संकटात सापडलेल्या माणसाला निदान आपल्याला किती मोजावे लागतील, हे ठाऊक असते.

विमानभाड्याला लगाम घालता येत नाही, असे मात्र नाही. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने उड्डाणाच्या कालावधीनुसार सात गट पाडून किमान व कमाल भाडे ठरवले. ही व्यवस्था ३१ ऑगस्ट २०२२ रोजी उठली. डिसेंबर २०२५ मध्ये मोठ्या प्रमाणावर उड्डाणे रद्द झाली, तेव्हा मोजपट्टी बदलली. आता अंतर पाहिले गेले आणि १,००० ते १,५०० किलोमीटरसाठी १५,००० रुपयांची कमाल मर्यादा आली. मुंबई-वाराणसी याच गटात मोडते. एकदा मिनिटे मोजली, एकदा किलोमीटर. पण दोन्ही वेळा संकट सार्वत्रिक होते. एकाच घरावर कोसळलेल्या संकटासाठी सरकारजवळ कोणतीच मोजपट्टी नाही.

कायमची सरसकट मर्यादा मी मागत नाही. शेवटच्या क्षणी महाग विकलेल्या जागांमुळेच आधी काढलेली तिकिटे स्वस्त राहतात, हा विमान कंपन्यांचा युक्तिवाद खोटा नाही, आणि कमी नफ्याचे मार्ग बंद पडले तर पहिला फटका वाराणसीसारख्या शहरांनाच बसेल. परंतु प्रत्येक उड्डाणातील चार-सहा जागा शेवटच्या चोवीस तासांत मृत्यू वा गंभीर आजारासाठी ठरलेल्या दराने द्याव्यात, एवढ्याने कोणतीही कंपनी बुडणार नाही. तपशिलाचा प्रश्न आहे तो पुराव्याचा. मृत्यूचा अधिकृत दाखला रातोरात हाती येत नाही. त्या घरात त्या रात्री फक्त डॉक्टरांची चिठ्ठी होती. म्हणून तिकीट आधी द्यावे, दाखल्यासाठी महिनाभराची मुदत द्यावी, आणि तो न आल्यास भाड्यातील फरक वसूल करावा.