शिबिरातील अन्न आणि शिबिरातील प्रार्थना

मे महिन्यातील नागपूर कोणाला प्रिय असेल असे वाटत नाही. ज्यांना परवडते ते चिखलदरा किंवा पचमढी गाठतात. ज्यांना परवडत नाही ते खसाच्या टट्ट्या ओल्या करून कूलरसमोर दुपार काढतात. आणि ज्यांच्या घरी कूलरही नसतो ते तापलेल्या टिनाच्या छपराखाली सूर्य कलण्याची वाट पाहत बसतात. या तिसऱ्या वर्गातील मुलांसाठी शहरात जी उन्हाळी शिबिरे भरतात, त्यांपैकी एका चर्चच्या आवारात भरणाऱ्या शिबिरात गेली दोन वर्षे मी स्वयंसेविका म्हणून काम केले. मी कॅथलिक आहे. महाविद्यालयीन शिक्षण संपवून नुकतीच नोकरीस लागले आहे आणि वार्षिक रजेतील दहा दिवस या कामी खर्च करते. यात त्याग वगैरे काही नाही. मुलांबरोबर कागदाच्या होड्या करण्यापेक्षा कार्यालयातील टिपणे लिहिणे अधिक कष्टाचे असते, हे मी अनुभवाने सांगू शकते.

शिबिर सकाळी सात ते बारा. खेळ, गाणी, चित्रकला, थोडे गणित, मध्ये कैरीचे पन्हे आणि शेवटी वरण-भात-भाजीचे जेवण. मुलांची संख्या साठच्या आसपास. त्यांत ख्रिस्ती कुटुंबांतील मुले पाच-सहा. उरलेली बहुतेक बौद्ध आणि हिंदू, काही मुसलमान. आईवडील बांधकामावर किंवा घरकामाला जाणारे. पहिल्या वर्षी मला वाटे की मुले येतात ती आमच्या गाण्यांसाठी. दुसऱ्या वर्षी हा भ्रम दूर झाला, आणि तो एका आजींनी केला.

झाले ते असे. शिबिराच्या चौथ्या दिवशी आमच्यातील एका उत्साही तरुणाने, कोणास न विचारता, मुलांना पवित्र मातेची प्रतिमा असलेली छोटी पदके वाटली. हेतू वाईट नव्हता. आमच्या घरांतून अशी पदके लहानपणी सर्वांनाच मिळतात. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडण्यापूर्वीच एका मुलीची आजी पदराच्या गाठीत ते पदक बांधून उभी होती. गाठ सोडून तिने ते माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाली, ‘‘बाई, पोरगी तुमच्याइथं धाडतो ते सावली भेटते अन् पोटभर जेवण भेटते म्हून. देव आमच्या घरी हाये.’’ ‘‘आजी, चूक झाली आमची,’’ एवढेच मी म्हणू शकले. ती रागावली नव्हती. नातीला आत सोडून ती कामावर निघून गेली. ती रागावली असती तर मला बरे वाटले असते, कारण मग तिच्याशी वाद घालता आला असता.

त्या वाक्यातील ‘जेवण’ हा शब्द मला त्या दिवसापासून सोडीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिलेल्या आदेशामुळे सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतील मुलांना शिजवलेले अन्न मिळण्याचा हक्क प्राप्त झाला. २००४ साली त्याच न्यायालयाने दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळ्याच्या सुटीतही हे अन्न द्यावे असे सांगितले. पण दुष्काळ जाहीर व्हावा लागतो तो पावसावर व पिकांवर. शहरातील झोपडपट्टीच्या भुकेला तो शब्द लागू होत नाही. त्यातच विदर्भातील शाळा उष्म्यामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या अखेरीस उघडतात. ज्या सवलतीने आमच्या मुलांचे उन्हापासून रक्षण व्हावे, तीच त्यांच्या ताटातील भाताचे दिवस कमी करते. अशा वेळी जो कोणी दुपारी बारा वाजता त्यांना जेवू घालतो, तो दाता असला तरी त्यांच्यावर सत्ता गाजविण्याच्या स्थितीत असतो. ही सत्ता त्याने मागितलेली नसेल. पण ती त्याच्या हाती येते, आणि ती आलीच नाही असे समजणे हा स्वतःशी केलेला अप्रामाणिकपणा होय.

आमच्या समाजातील काही वडीलधाऱ्यांना माझे हे म्हणणे रुचले नाही. त्यांच्या मते बाहेरून होणाऱ्या आरोपांना आपणच पुष्टी देण्याचे कारण नाही. त्यांचा सल मी समजू शकते. धर्मांतराच्या संशयाचा इतिहास या शहरात जुना आहे. नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असताना, १९५४ साली, निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमण्यात आली. १९५६ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. कॅथलिक समाजाने त्या समितीला कडाडून विरोध केला, आणि आमच्या घरांत तिचे नाव अद्याप कटुतेनेच निघते. वैद्यकीय किंवा तत्सम सेवेचा धर्मांतराचे साधन म्हणून उपयोग करण्यास कायद्याने मनाई असावी, ही त्या समितीची एक शिफारस होती. समितीच्या एकूण भूमिकेशी मी सहमत नाही. एका समाजाच्या दवाखान्याकडे आणि शाळेकडे प्रथमपासूनच आरोपी म्हणून पाहणे अन्यायाचे होते. परंतु प्रश्न विचारणारा पूर्वग्रहदूषित असला म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही.

आणि त्याच १९५६ साली, त्याच नागपुरात, १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. एकाच वर्षी एकाच शहराने धर्म बदलण्याकडे संशयाने पाहिले आणि धर्म बदलून मनुष्य ताठ मानेने उभा राहतो हेही पाहिले. दीक्षाभूमीवरील निर्णयामागे दोन दशकांहून अधिक काळचा विचार होता. येवल्याची घोषणा १९३५ ची. ज्या आजीने मला पदक परत केले तिच्या घरातील देव म्हणजे कोण, हे मी विचारले नाही. तिची नात मात्र डबा खाताना सांगते की घरी सायंकाळी त्रिशरण म्हणतात. तो वारसा त्या घराने मोठी किंमत देऊन मिळविलेला आहे. आमच्या दहा दिवसांच्या वरणभाताने त्याला धक्का लावणे, मग तो नकळत का असेना, मला उद्धटपणाचे वाटते.

राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाने सरकारमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेतील अल्पवयीन विद्यार्थ्यास पालकाच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणात अथवा उपासनेत सहभागी होण्याची सक्ती करता येत नाही. चर्चच्या आवारातील खाजगी शिबिर त्या अनुच्छेदाच्या कक्षेत येत नाही, असे आमच्यातील एका कायदा जाणणाऱ्या गृहस्थांनी बैठकीत निदर्शनास आणले. ते बरोबरच होते. मी त्यांना उत्तरादाखल आमच्याच धर्मसभेचा दाखला दिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी मंजूर केलेल्या धर्मस्वातंत्र्यविषयक जाहीरनाम्यात, श्रद्धेचा प्रसार करताना बळजबरीचा किंवा अप्रामाणिक मन वळविण्याचा गंधही असू नये, आणि गरीब व अशिक्षित लोकांच्या बाबतीत तर विशेषच, अशा आशयाची स्पष्ट सूचना आहे. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार बालकाच्या बाप्तिस्म्यासाठीही निदान एका पालकाची संमती लागते. नियोगी समितीची भीती बाळगून आम्ही जे करावयाचे, त्याहून अधिक आमच्या परिषदेने आमच्याकडून आधीच मागितलेले आहे; फक्त ते आम्ही रविवारच्या प्रवचनात फारसे ऐकत नाही.

बैठक लांबली. अखेर तीन गोष्टी ठरल्या. पदके, चित्रे, जपमाळा यांपैकी काहीही शिबिरात वाटावयाचे नाही. प्रार्थना स्वयंसेवकांनी साडेसहाला, मुले येण्यापूर्वी, आपल्यापुरती करावयाची. आणि मुले आल्यावर दोन मिनिटे सर्वांनी डोळे मिटून शांत बसावयाचे; त्या वेळात कोणी काय म्हणावे हे ज्याचे त्याने ठरवावे. (साठ मुलांना दोन मिनिटे शांत बसविणे हे साडेसहाच्या प्रार्थनेहून कठीण आहे, हे मान्य केले पाहिजे.) पदके वाटणारा तो तरुण पहिल्यांदा दुखावला गेला; पुढे तोच सर्वांत नियमितपणे पाणी भरण्यास येऊ लागला.

मात्र माझ्या मनातील दुसरी बोच या निर्णयाने निघाली नाही. शिबिर संपते त्या दिवशी मुले हात सोडीत नाहीत. ‘‘दीदी, उद्या?’’ असे विचारतात, आणि आम्ही ‘‘पुढच्या वर्षी’’ म्हणून हसून वेळ मारून नेतो. सोमनाथला बाबा आमटे यांनी १९६७ साली सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीत तरुण येत, राबत आणि घरी परतत. ते तरुण होते, परतणे त्यांच्या हाती होते. सात वर्षांच्या मुलीच्या बाबतीत परतून जाणारे आम्ही असतो आणि मागे राहणारी ती असते. दहा दिवस माया लावून साडेअकरा महिने दिसेनासे होण्यात सेवा किती आणि आमची हौस किती, याचा हिशेब स्वयंसेवकांनी एकदा मांडावयास हवा. ज्या संस्था मे महिन्यात शिबिरे भरवितात, त्या चर्चशी निगडित असोत, सेवा दलाशी असोत किंवा आणखी कोणाशी, त्यांनी जूनच्या अखेरपर्यंतचे जेवण आणि त्यानंतर आठवड्यातून एक दिवस तरी त्याच मुलांसाठी राखावयास काय हरकत आहे? पैशाची अडचण सांगितली जाते. खिचडीला पैसा लागतो हे खरे. पण दोन तास मुलांचा अभ्यास घेण्यास माणूस लागतो, आणि माणसे मे महिन्यात नेमकी कोठून उगवतात व जूनमध्ये कोठे जातात हे मला, त्यांच्यातलीच एक असल्यामुळे, चांगले ठाऊक आहे.

आमच्या आवारात गेल्या जुलैपासून रविवारी चार ते सहा हा वर्ग भरतो. साठांपैकी वीस-बावीस मुले येतात. ती आजीही एकदा येऊन फाटकापाशी बसून गेली. स्वयंसेवक मात्र सध्या तिघेच आहेत, आणि परीक्षेच्या दिवसांत त्यांपैकी एक येऊ शकणार नाही असे तिने आधीच कळविले आहे.