अडतीस साक्षीदार आणि एक नवरा

मैत्रिणींनो, एम.एस.डब्ल्यू.ला असताना सामाजिक मानसशास्त्राच्या पेपरात मी किटी जिनोव्हीज प्रकरणावर टीप लिहिली होती. मार्क चांगले पडले. पुढे दहा वर्षं वस्त्यांमधल्या शिबिरांत मी तीच टीप फळ्यावर लिहीत राहिले. ती अर्धीच आहे, हे मला एका धुणीभांडी करणाऱ्या बाईने सांगितलं.

टीप अशी. १३ मार्च १९६४च्या पहाटे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात २८ वर्षांची किटी कामावरून घरी येत होती. एका अनोळखी पुरुषाने तिला भोसकलं. आरडाओरड झाली तसा तो पळाला, पण परत आला, इमारतीच्या मागच्या बाजूला तिला गाठून पुन्हा वार केले, बलात्कार केला. ती मेली. दोन आठवड्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापलं की ३८ जण अर्ध्या तासाहून अधिक काळ हे पाहत होते आणि हल्ला चालू असताना एकानेही पोलिसांना फोन केला नाही. त्यावरून लाताने आणि डार्ली या दोघा मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केला, तो १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. वेगळ्या खोलीत बसलेल्या विद्यार्थ्याला ध्वनियंत्रावरून कुणाला तरी झटका आल्याचा आवाज ऐकू येतो. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं वाटलं तेव्हा ८५ टक्के मदतीला गेले. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटलं तेव्हा ३१ टक्केच वेळेत गेले. निष्कर्ष: बघे वाढले की जबाबदारी वाटली जाते आणि मदत कमी होते.

शिबिरात मी एवढं सांगून थांबले. मागून ती बाई म्हणाली, "ताई, आम्ही काय माणसं मोजत बसतो? आवाज आला की एवढंच बघतो, मारणारा कोण. चोर असला तर सगळी चाळ धावते. नवरा असला तर दार लावून घेतो."

सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी आल्यावर मात्र हसू आलं नाही, कारण मागच्याच पावसाळ्यात आमच्या वरच्या मजल्यावरून असाच आवाज आला होता आणि मी टीव्हीचा आवाज वाढवला होता. त्या वेळी घरात मी एकटी होते. जबाबदारी वाटून घ्यायला कुणी नव्हतं.

मग पुस्तकं पुन्हा काढली. आणि राग आला. 'टाइम्स'च्या त्या मूळ बातमीतच एका शेजाऱ्याचं म्हणणं होतं की आम्हाला ते प्रेमिकांचं भांडण वाटलं. म्हणजे कारण तिथेच छापलेलं होतं! पण शास्त्राने उचलला तो आकडा. कॅनडाच्या फ्रान्सिस चेरी यांनी १९९५च्या आपल्या पुस्तकात नेमकं यावर बोट ठेवलं आहे. पुरुषाने बाईवर केलेला हल्ला प्रयोगशाळेत शिरताना नुसता 'आणीबाणीचा प्रसंग' झाला. बाई गेली, पुरुष गेला, उरली माणसांची संख्या. आणि तो आकडाही फुगवलेला होता. सगळा हल्ला डोळ्यांनी पाहिलेले लोक फारच थोडे होते. 'टाइम्स'ने स्वतः २०१६ मध्ये आपल्या बातमीत चुका असल्याचं मान्य केलं. सोफिया फरार नावाची शेजारीण तर धावत खाली गेली होती, मरणाऱ्या किटीला तिने कवेत धरलं होतं. आमच्या पाठ्यपुस्तकात या बाईचं नाव नव्हतं.

हा योगायोग नव्हे. या शास्त्राचा जन्मच असा आहे. १८९८ मध्ये ट्रिप्लेटने स्पर्धेत माणूस जोरात का काम करतो हे पाहिलं, १९०८ मध्ये मॅकडूगल आणि रॉस यांची या नावाची दोन पुस्तकं आली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर विषय खरा फोफावला. लाखो ज्यूंना मारणारे लोक साधे नोकरदार कसे होते, हा प्रश्न अगदी खरा होता. पण त्याचं उत्तर शोधताना ॲशने बसवले ते कॉलेजातले तरुण, मिलग्रमच्या पहिल्या प्रसिद्ध प्रयोगातले चाळीसच्या चाळीस पुरुष. आणि निष्कर्ष निघाला तो 'माणसा'बद्दल! घर, लग्न, जात, कुणाच्या हातात पैसा आणि कुणाच्या हातात लाटणं, हे सगळं प्रयोगाच्या दाराबाहेर ठेवायचं, कारण ते मोजमापात लुडबुड करतं.

ज्यांनी ते आत घेतलं त्यांना काय दिसलं? १९७६ मध्ये शॉटलंड आणि स्ट्रॉ यांनी एक पुरुष बाईवर हल्ला करतो असं नाटक वठवलं. बाई ओरडली, "मी तुला ओळखत नाही," तेव्हा पाहणाऱ्यांपैकी ६५ टक्के मध्ये पडले. ती ओरडली, "तुझ्याशी लग्न का केलं कोण जाणे," तेव्हा १९ टक्के. हल्ला तोच. फरक एका लग्नाचा. आमच्या चाळीतल्या बाईने हेच सांगितलं होतं, आणि तिला त्यासाठी विद्यापीठाचं अनुदान लागलं नव्हतं.

यात आपली हार-जीत कुठे आहे? कारण गर्दी असेल तर उपाय म्हणून 'मूक साक्षीदार बनू नका' अशी भित्तिपत्रकं पुरतात. कारण लग्न असेल तर लग्नाशीच भांडावं लागतं. देशाच्या पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) सुमारे ४५ टक्के बायकांनी कुठल्या ना कुठल्या कारणासाठी नवऱ्याने मारणं योग्य ठरवलं. हे बघे नव्हेत, मार खाणाऱ्यांतल्याच आहेत. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ४ नुसार कोणीही शेजारीण संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि चांगल्या हेतूने कळवलं तर तिच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. किती शिबिरांत आपण हे कलम सांगतो? मी तरी सांगत नव्हते.

काही मैत्रिणी म्हणतात, मग हे शास्त्र बुडवा. मला तसं वाटत नाही. नाझींच्या जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या कुर्ट लेविनने युद्धकाळात गृहिणींवर एक प्रयोग केला. काळीज, गुर्दे असलं मांस घरी शिजवा, हे व्याख्यानात ऐकलेल्यांपैकी ३ टक्क्यांनी ते केलं. गटात चर्चा करून हात वर करून ठरवलेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी. (प्रयोगात बायका आल्या त्या अखेर स्वयंपाकघरातूनच!) पण पद्धत आपल्या कामाची आहे. १९७२-७३ च्या सुमारास तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहादा भागात आदिवासी बायकांनी लेविन वाचला नव्हता. त्यांनी दारूचे गुत्ते फोडले, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला गाठून चारचौघांत माफी मागायला लावली. तिथे माणसं वाढली तशी हिंमत वाढली, कारण आधी मिळून ठरलेलं होतं.

म्हणून गेल्या शिबिरात मी किटीची गोष्ट सांगितली, तीही सोफियासकट, आणि व्याख्यान बंद केलं. दोन तास बायका भांडल्या. मारणारा नवरा असला तरी दार वाजवायचं, थाळ्या वाजवायच्या, एकीने एकटीने जायचं नाही, असं ठरलं. हात वर करा म्हटल्यावर अठरा हात वर गेले. चौघींचे खालीच राहिले. त्यांतली एक सगळ्या पांगल्यावर सतरंजी गुंडाळायला थांबली. म्हणाली, "ताई, आवाज माझ्या घरातून आला तर येतील ना या?"