खेळणे आणि खेळ घडविणे

मूल संगणकावरील खेळात रमलेले दिसले की आईबापांच्या कपाळाला आठी पडते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु खेळ खेळणे व खेळ घडविणे या दोन अगदी भिन्न गोष्टी होत. पहिलीत बोटे चालतात. दुसरीत बुद्धीला चालावे लागते.

अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाशी निगडित असलेल्या 'बूटस्ट्रॅप' या शिक्षणक्रमाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. त्यात शाळकरी मुलामुलींकडून एक छोटा व्हिडिओ खेळ तयार करवून घेऊन संगणकशास्त्र व बीजगणित एकदमच शिकविले जाते. खेळात मुख्य पात्रे तीन: एक नायक, एक मिळवावयाचे लक्ष्य व एक टाळावयाचे संकट. ती पडद्यावर कशी हलावी याची सूत्रे विद्यार्थ्यांनीच लिहावयाची.

नायकाची संकटाशी टक्कर झाली हे आपल्याला डोळ्यांनी कळते. संगणकाला ते कसे कळावे? त्याला ठाऊक असतात केवळ आकडे. दोघांमधील आडवे अंतर ३० बिंदू व उभे ४० बिंदू असेल, तर सरळ अंतर ५० भरते. हे पायथागोरसच्या सिद्धांताने काढावयाचे आणि ते ठरलेल्या मर्यादेहून कमी झाले की टक्कर झाली, असे संगणकास सांगावयाचे. वहीत रूक्ष वाटणारा सिद्धांत येथे गरजेचा होतो.

यामागे एक शिस्त आहे. आधी काय दिले आहे व काय हवे आहे ते लिहावयाचे, मग आकडे घालून उदाहरणे मांडावयाची, आणि शेवटी सूत्र. बेरजेच्या जागी वजाबाकी पडली तर पात्र उलट दिशेस पळते. चूक तत्काळ दिसते. असे शिकलेल्या मुलांची बीजगणितातील शाब्दिक उदाहरणे सोडविण्यात प्रगती झाली, असे या शिक्षणक्रमाच्या प्रवर्तकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात म्हटले आहे.

अर्थात नुसती चित्रे रंगविण्यात तास निघून गेला तर पदरी काहीच पडणार नाही. म्हणून जाणता शिक्षक हवाच.

आपल्या देशाच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांना संगणकाची आज्ञावली लिहिण्यास शिकवावे असे म्हटले आहे. तेव्हा हा प्रश्न आपल्याही घरचा आहे. मुलाला रागे भरण्यापूर्वी आईबापांनी एकदा विचारावे, "बाळ, हा खेळ कोणत्या नियमांनी चालतो? तू असा एखादा रचशील का?" त्याला चौकटीचा कागद व पेन्सिल द्यावी. आरंभास तेवढे पुरे.