गुणवत्ता कोणाची मोजता?

डहाणू-तलासरीत स्थानिक आदिवासी शिक्षक, आरोग्यसेवक नेमा म्हटलं की ‘गुणवत्ता ढासळेल’ अशी ओरड होते. आम्ही विचारतो, पहिलीतल्या वारली पोरासमोर त्याची बोली न कळणारा मास्तर उभा करणं ही कुठली गुणवत्ता? पाड्यावरच्या बाळंतिणीचं दुखणं भाषेअभावी समजतच नसेल तर ते प्रमाणपत्र काय कामाचं?

पेसा भरती कोर्टकज्ज्यात अडकली. ४ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी मंत्रालयात जाळीवर उडी मारली. त्यानंतर पोरांच्या हाती काय आलं? मानधनावरची नेमणूक! परीक्षा कायम पदाची, नोकरी मात्र तात्पुरती. आणि आपले काही कार्यकर्ते हा ‘त्यांचा’ प्रश्न म्हणून गप्प! बाबासाहेबांनी प्रतिनिधित्व मागितलं, मानधन नव्हे. कायम नेमणुकीचे आदेश काढा.

जय भीम! जोहार!