आरोग्य-संवाद : वारंवार मुरगळणारा घोटा



पाय मुरगळणे ही आपल्या घरांत क्षुल्लक बाब समजली जाते. हळदीचा लेप लावायचा, मालीश करायची आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायचे ! परंतु तोच घोटा खड्ड्यात, जिन्यावर, कधी सपाट रस्त्यावरही पुन्हा पुन्हा दगा देत असेल, तर दुर्लक्ष करू नये. पोलीस भरतीसाठी धावणारी मुलगी मैदानात मध्येच थांबते, तेव्हा घरचे तिला आळशी म्हणतात. दोष तिचा नसतो. तिच्या घोट्याचा आधार सैल झालेला असतो.

घोट्याच्या बाहेरच्या अंगाला तीन अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट असतात. पाऊल आत वळून मुरगळले की बहुधा पुढचा अस्थिबंध आधी ताणला जातो किंवा तुटतो. मार मोठा असेल तर मधलाही. बहुतेकांचा तो योग्य उपचाराने भरून येतो. काहींचा मात्र सैल राहतो. मग घोटा वारंवार मुरगळतो आणि सांध्यातील कूर्चेची झीज होऊ शकते.

अशा वेळी पहिला उपाय शस्त्रक्रिया नव्हे. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने तीन ते सहा महिने नेटाने व्यायाम करावा : भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभे राहणे, रबरी पट्ट्याच्या ताणाविरुद्ध पाऊल बाहेर ढकलणे. घोट्याला पट्टाही वापरावा. पुष्कळांना एवढ्याने गुण येतो.

तरीही घोटा सावरत नसेल, तर अस्थिरोगतज्ज्ञ तपासणी व एमआरआय करून शस्त्रक्रिया सुचवितात. स्वीडनचे डॉ. ब्रोस्ट्रॉम यांनी 1966 साली सैल अस्थिबंध आखडून शिवण्याची पद्धत मांडली. 1980 साली डॉ. गूल्ड यांनी शेजारच्या पट्ट्याची त्याला जोड दिली. आजही मुख्यतः हीच पद्धत वापरतात. मूळ अस्थिबंध फारच निकामी असेल, तर दुसरीकडची शीर घेऊन नवा आधार बांधतात.

शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे प्लास्टर किंवा बूट, नंतर व्यायाम; खेळ व वेगाने धावणे चार ते सहा महिन्यांनी. म्हणून भरतीच्या तोंडावर घाई करू नये. जंतुसंसर्ग, पावलावर बधिरपणा, सांधा आखडणे हे धोकेही डॉक्टरांना आधीच विचारावेत. खर्चाची चिंता असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे विचारावे.

राजगृहात दगडाच्या कपचीने तथागतांच्या पायाला जखम झाली, तेव्हा वैद्य जीवकाने औषधोपचार केले, असे पाली परंपरा सांगते. तेथे अंगारा नव्हता, गंडा नव्हता. आपणही मुलीच्या पायाला दोरा बांधण्याऐवजी तिला डॉक्टरांकडे नेऊ या. तिला अजून खूप पुढे धावायचे आहे.