ब्लॉक केल्याने कॉल थांबत नाहीत, तक्रार मात्र मोजली जाते

'अनोळखी नंबर उचलू नका' हा सल्ला शहरात ठीक आहे. गावाकडे तो चालत नाही. कांद्याचा व्यापारी, ऊसतोडीचा मुकादम, ट्रॅक्टरवाला, सगळे नव्या नव्या नंबरवरून बोलतात. एक कॉल सुटला तर मजूर दुसऱ्याच्या वावरात जातात. म्हणून शेतकरी हातातलं काम टाकून बांधावर येतो, फोन उचलतो आणि पलीकडून आवाज येतो, 'सर, तुमचं पर्सनल लोन मंजूर झालंय.'

बहुतेक जण एखादी शिवी हासडून नंबर ब्लॉक करतात. दुसऱ्या दिवशी दुसरा नंबर हजर! ब्लॉक आपल्या मोबाइलपुरतं असतं. त्याची नोंद कुठेच होत नाही.

नियमाने जाहिरातीचे कॉल १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यायला हवेत. त्रास देणारे मात्र साधं दहा आकडी सिम वापरतात. 'ट्राय'ने फेब्रुवारी २०२५ मध्ये यांच्यासाठीच नियम कडक केले. पूर्वी ७ दिवसांत १० तक्रारी आल्या तर कारवाई व्हायची, आता १० दिवसांत ५ पुरतात. तक्रारीला ३ ऐवजी ७ दिवस मिळतात. डीएनडीत नोंद नसली तरी अशा नंबरविरुद्ध तक्रार चालते. म्हणजे एकाच नंबरने छळलेले पारावरचे पाच जण मनावर घेतील, तर तो नंबर अडचणीत येतो.

तक्रार १९०९ वर फोन करून किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपवर करता येते. नंबर, तारीख आणि कॉल कशाचा होता, एवढं सांगायचं. डीएनडी नोंदणीही १९०९ वरच होते. त्याने बँकेचा ओटीपी बंद पडतो ही भीती खोटी आहे. मात्र कर्जाच्या किंवा दुकानातल्या फॉर्मवर न वाचता सही ठोकली असेल, तर ती संमती धरली जाते आणि डीएनडी असूनही कॉल येतात.

यात एक गोष्ट खटकतेच. त्रास सोसायचा ग्राहकाने आणि पुरावाही त्यानेच द्यायचा. एसएमएसने तक्रार करायची तर ठरलेला इंग्रजी साचा. साठीतल्या माणसाला तो जमणार कसा? घरातल्या कॉलेजच्या पोरांनी हे काम अंगावर घेतलं तरच आकडा पाचपर्यंत जाईल.

फसवणुकीचा संशय असेल, तर संचार साथी पोर्टलवर 'चक्षु'मध्ये कळवता येतं. पैसे गेलेच असतील तर १९०९ नव्हे, लगेच १९३० लावायचा.