खाडीतील होडी, गच्चीवरील अँटेना

विशेष प्रतिनिधी, नवी मुंबई

बेलापूरला लागून असलेले दिवाळे हे नवी मुंबईतील जुन्या कोळीवाड्यांपैकी एक. एका बाजूला सिडकोने वसविलेले कार्यालयांचे शहर, तर दुसऱ्या बाजूला पनवेलची खाडी. गावात मोबाईलची रेंज आणि वायफाय ही आता घरगुती बाब झाली आहे. मात्र होडी खाडीच्या मुखातून खुल्या समुद्राकडे निघाली की हीच रेंज घटत जाते आणि हातातला महागडा फोन निरुपयोगी ठरतो. गावठाणात टॉवर नको म्हणून तक्रार आणि समुद्रात टॉवर मिळत नाही म्हणून तक्रार, असा हा पेच आहे. तो समजून घ्यायचा तर बिनतारी संपर्काच्या मूलभूत संकल्पनांची ओळख करून घेणे आवश्यक ठरते.

लहरींची लांबी

बिनतारी संदेश विद्युतचुंबकीय लहरींवरून जातो. एका सेकंदात ही लहर जितक्या वेळा कंप पावते, ती तिची वारंवारिता. वारंवारिता वाढली की लहरीची लांबी कमी होते. नौकांवरील व्हीएचएफ संचाचा १६ क्रमांकाचा चॅनेल १५६.८ मेगाहर्ट्झवर चालतो. त्याची लहर सुमारे १.९ मीटर लांब असते. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरीची लांबी मात्र जेमतेम साडेबारा सेंटिमीटर भरते. अँटेनाची लांबी साधारणपणे लहरीच्या निम्मी किंवा पाव ठेवतात. होडीवरील काठी लांब आणि राऊटरची बोटभर असण्याचे कारण हेच. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. त्यासाठी शक्तीची मर्यादा घालण्यात आली, त्यामुळे वायफाय घराघरांत पोहोचले तरी घराच्या आसपासच राहिले.

उंचीचे गणित

व्हीएचएफ आणि त्यावरच्या वारंवारितांच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्यांना क्षितिज आडवे येते. अँटेनाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणले की तिचे क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. होडीवर तीन मीटर उंचीवर अँटेना असेल, तर तिचे क्षितिज सुमारे सात किलोमीटर. तेवढ्याच उंचीच्या दुसऱ्या होडीशी त्यामुळे चौदा किलोमीटरपर्यंतच बोलता येते. किनाऱ्यावरील अँटेना ५० मीटर उंच असेल, तर तीच होडी ३६ किलोमीटरवरूनही ऐकू येऊ शकते. मधे घारापुरीसारखा डोंगर आला, तर हे गणितही कोलमडते.

याचा अर्थ, संचाची शक्ती पाच वॅटवरून पंचवीस वॅट केली तरी क्षितिज हलत नाही. अँटेना उंच नेली तर ते हलते. परंतु त्यासाठी पंधरा मीटर पातळ केबल वापरली, तर संचाची जवळपास निम्मी शक्ती केबलमध्येच विरते. तंत्रज्ञांच्या भाषेत ही तीन डेसिबलची घट. डेसिबलचे माप गुणाकाराचे असते. तीन डेसिबल म्हणजे दुप्पट किंवा निम्मे आणि दहा डेसिबल म्हणजे दहापट किंवा एक दशांश.

'गेन'चा गैरसमज

बाजारात जास्त 'गेन'ची अँटेना चांगली, असा सरसकट समज आहे. वास्तविक अँटेना शक्ती निर्माण करीत नाही. असलेली शक्ती एका दिशेला एकवटते. उघड्या दिव्यामागे आरसा धरला की झोत लांब जातो, पण मागे अंधार पडतो, तसेच हे आहे. जास्त गेनच्या उभ्या अँटेनाचा झोत चपटा असतो. जमिनीवर तो उपयुक्त ठरतो. लाटांवर डुलणाऱ्या लहान होडीवर मात्र हाच झोत कधी आकाशाकडे, तर कधी पाण्याकडे वळतो. अशा होडीला मध्यम गेनची अँटेनाच हितकारक ठरते.

गावठाणातील टॉवरच्या वादातही हाच नियम लागू पडतो. मोबाईल टॉवरच्या अँटेनाचा झोत समोर आणि किंचित खाली असतो. त्यामुळे ज्याच्या गच्चीवर टॉवर आहे त्याच्या घरापेक्षा, झोताच्या समोर तेवढ्याच उंचीवर असलेल्या शेजाऱ्याच्या खोलीत लहरींची तीव्रता अधिक असू शकते. भाडे एकाला आणि झोत दुसऱ्याला! घरे एकमेकांना खेटून उभी असलेल्या गावठाणात ही बाब दुर्लक्षून चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींची 'कर्करोगास कदाचित कारणीभूत' अशा गटात नोंद केली. याचा अर्थ पुरावा मर्यादित आहे, धोका सिद्ध झाला आहे असा नव्हे. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून ९०० मेगाहर्ट्झसाठीची मर्यादा प्रति चौरस मीटर ४.५ वॅटवरून ०.४५ वॅटवर आणली. अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणून 'टॉवर हवा की नको' यापेक्षा 'झोत कोणाच्या खिडकीसमोर' हा प्रश्न अधिक नेमका आहे, आणि त्याचे उत्तर मोजमापानेच मिळू शकते.

मोबाईलवर भिस्त किती?

मोबाईल कंपन्यांच्या अँटेना वस्तीकडे रोखलेल्या असतात, कारण ग्राहक तेथे आहेत. टूजीच्या सर्वसाधारण रचनेत फोन टॉवरपासून ३५ किलोमीटरपलीकडे गेला, तर सिग्नल असूनही जोडणी होत नाही. फाइव्हजीचा ३.३ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा वेगवान असला तरी त्याचा पल्ला आखूड आहे. शिवाय मोबाईलवरची हाक एकालाच ऐकू जाते. व्हीएचएफच्या १६ व्या चॅनेलवरील हाक मात्र टप्प्यातील प्रत्येक नौकेला ऐकू येते. बुडत्या होडीच्या दृष्टीने हा फरक जीवनमरणाचा आहे. तटरक्षक दलाचा १५५४ हा मदत क्रमांक मोलाचा असला, तरी तो लावण्यासाठी रेंज लागतेच.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील दहशतवादी सागरी मार्गाने मुंबईत शिरले. त्यानंतर वीस मीटरपेक्षा लांब मासेमारी नौकांसाठी 'एआयएस' हे ओळख सांगणारे यंत्र सक्तीचे करण्यात आले. तेही व्हीएचएफवरच चालते, म्हणजे क्षितिजाची मर्यादा कायम राहिली; आणि लहान होड्या या सक्तीच्या बाहेर राहिल्या. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालेल्या योजनेत देशातील एक लाख नौकांवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपाँडर बसविण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. ते उपग्रहामार्फत चालतात. उपग्रह डोक्यावर असल्याने क्षितिजाचा अडसर राहत नाही.

तथापि यंत्र वाटल्याने काम संपत नाही. अँटेनाला मोकळे आकाश मिळाले आहे का, खाऱ्या हवेने जोडण्या गंजल्या आहेत का, बॅटरी भरलेली आहे का, याची तपासणी मासेमारी बंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर असताना होऊ शकते. दिवाळे गावासारख्या कोळीवाड्यात मच्छीमार सोसायट्या आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी हे काम दरवर्षी हाती घेतले, तर त्यावर होणारा खर्च किरकोळ ठरेल. वाऱ्याची दिशा आणि भरती-ओहोटीचे गणित कोळी समाजाला कोणी शिकविण्याची गरज नाही. त्या गणितात अँटेनाच्या उंचीची भर पडणे, एवढेच आता बाकी आहे.